बेगल अपडेट: मशीनने मळायचं, बाकीचं काम फ्रिजचं

बेगल म्हणजे मध्ये भोक असलेला, आधी उकळून मग भाजलेला चिवट पाव, त्याचं पीठ मी ब्रेड मशीनमध्ये मळते. सध्याचं माप आधी देते, कारण आता हे बऱ्यापैकी पक्कं झालंय. जास्त प्रोटीनवालं ब्रेड फ्लोर (पावासाठीचं पीठ) ५०० ग्रॅम, पाणी २८० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम आणि बार्ली माल्ट सिरप (मोड आणलेल्या जवाचा गोड पाक) १५ ग्रॅम. यात साधारण १०० ग्रॅमचे आठ बेगल होतात. साधा मैदाच असेल तर त्यातला १५ ग्रॅम काढून तेवढंच कोरडं गव्हाचं ग्लुटेन (पीठ चिवट करणारं प्रोटीन) घाला, चावताना फरक लगेच कळतो.

पाणी पिठाच्या वजनाच्या ५६ टक्के म्हणजे ब्रेडच्या मानाने पीठ खूपच घट्ट, आणि ब्रेड मशीनसाठी तीच खरी परीक्षा आहे. म्हणून मशीनच्या पुस्तकात पिठाची जी कमाल मर्यादा दिलीय तिच्या जवळ जाऊ नका, थोडं कमीच घ्या. आधी पाणी आणि सिरप, मग पीठ, वर मीठ आणि यीस्ट. पहिली पाच मिनिटं झाकण उघडं ठेवून कोपऱ्यातलं कोरडं पीठ सिलिकॉनच्या चमच्याने आत ढकलत राहते (पात्याला लावायचा नाही हं). या वेळी पीठ फाटल्यासारखं, कोरडं दिसतं आणि हात पाणी घालायला शिवशिवतो, पण थांबा, दहाव्या मिनिटापर्यंत पीठ पाणी ओढून घेतं आणि गोळा गुळगुळीत होतो. आणि पाणी गारच वापरा, कारण घट्ट पीठ घुसळताना घर्षणाने चांगलंच तापतं.

आता मुख्य मुद्दा, मशीनचा डो मोड (पीठ मळून फुगवून देणारा, पण न भाजणारा) पूर्ण चालू द्यायचा नाही! मळणं संपलं की मशीन आतून उबदार होऊन पीठ फुगवायला लागतं, ते ब्रेडसाठी छान पण बेगलला नको, पीठ हवेने भरलं की आतला भाग मऊ पावासारखा होतो, बेगलचा तो चिवट दाटपणा जातो. मी मळून झाल्या झाल्या बंद करून गोळा बाहेर काढते, दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवते आणि लगेच आकार देते.

आकारासाठी मध्ये बोट घालून भोक पाडण्यापेक्षा दोरी वळायची पद्धत मला जास्त आवडते, पिठाला सगळीकडून सारखा ताण मिळतो. वीसेक सेंटीमीटरची दोरी तळहाताभोवती गुंडाळायची, टोकं तीन-चार सेंटीमीटर एकमेकांवर आणायची आणि ओट्यावर दाबून फिरवायची. ओट्यावर पीठ टाकू नका, दोरी नुसती घसरते. जोड धरत नसेल तर पाण्याचं ओलं बोट पुरतं. भोक वाटतं त्यापेक्षा मोठं ठेवा कारण फुगताना ते लहान होतं.

मग तेल लावलेल्या बेकिंग पेपरवर, झाकून, रात्रभर फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट हळू चालतं आणि चव तयार व्हायला वेळ मिळतो, माझ्या मते या एका रात्रीइतका फरक दुसरं काहीच करत नाही. सकाळी एक बेगल गार पाण्याच्या वाडग्यात टाकून बघायचा. तरंगला की सगळे तयार, बुडाला तर बाहेर अर्धा तास ठेवून परत बघायचं.

उकळताना दोन लिटर पाण्यात एक मोठा चमचा माल्ट सिरप किंवा खायचा सोडा, दोन्ही बाजू तीस-तीस सेकंद. उकळल्याने वरच्या थरातला स्टार्च शिजून घट्ट होतो, म्हणून ओव्हनमध्ये बेगल फार फुगत नाही आणि चकाकी येते. सोड्याने रंग गडद होतो, पण चवीला मला सिरपच हवं. जास्त वेळ उकळलं तर कवच जाड होतं, काहींना तसंच आवडतं. तीळ, खसखस पाण्यातून काढल्या काढल्या, पृष्ठभाग ओला असतानाच, नंतर चिकटत नाहीत. ओव्हन २३० अंशाला आधीच तापवलेला, १८ ते २० मिनिटं.

आताचे बेगल कापल्यावर आत बारीक एकसारखी जाळी आहे, वरचा पापुद्रा पातळ आणि चमकदार, आणि चावताना दातांना जो विरोध हवा तो आहे. खूप खूश आहे! पुढच्या खेपेला २० टक्के गव्हाचं पीठ घालणार आहे, ते जास्त पाणी पितं म्हणून दहा-पंधरा ग्रॅम पाणी वाढवून सुरुवात करेन. ज्यांच्या मशीनमध्ये नुसता मळण्याचा वेगळा मोड आहे त्यांनी एवढं घट्ट पीठ किती मिनिटं मळता ते नक्की सांगा.