डावा अंगठा

मुलगा पंधरा वर्षांचा. व्यावसायिक बास्केटबॉल क्लबच्या ज्युनियर संघाच्या चाचणीला आठ आठवडे उरलेले. सरावात थ्री पॉइंट, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट, पडतात. सामन्यात एक तर ब्लॉक होतात, नाहीतर उजवीकडे जातात. आल्या आल्या म्हणाला, "सर, कोपर आत ठेवतोय, तरी जात नाही."

कोपराचं खूळ सगळ्यांच्याच डोक्यात असतं. त्याचा कोपर व्यवस्थित होता.

मोबाइल आधी बाजूला, मग बरोबर त्याच्या पाठीमागे रिंगच्या रेषेत लावला. स्लो मोशन, सेकंदाला २४० फ्रेम. बॉलच्या मध्यावरून पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. शॉट स्वच्छ सुटला की ही पट्टी हवेत सरळ उभी फिरते. त्याची भोवऱ्यासारखी डगमगत होती. एकेक फ्रेम पुढे सरकवली तेव्हा चोर सापडला: बॉल सुटताना डाव्या हाताचा अंगठा त्याला हळूच ढकलत होता. डाव्या हाताने नुसतं धरायचं आणि वेळेवर सोडायचं असतं.

सवय लहानपणची. मिनी बास्केटबॉलला ५ नंबरचा बॉल आणि २.६० मीटरवर रिंग असते. हा शिकला तो ७ नंबरच्या बॉलने, ३.०५ मीटरच्या रिंगवर. एका हाताने पोचत नाही म्हटल्यावर पोरं बॉल कमरेपासून दोन्ही हातांनी भिरकावतात. पुढे ताकद आली, पण बॉल छातीच्या वर गेलाच नाही. खालून सुटणाऱ्या बॉलला डिफेंडरचा हात लागतो, आणि हा तर शॉट चपटाही, म्हणजे कमी कमानीने, मारत होता. रिंगचा व्यास ४५ सेंमी, बॉलचा साधारण २४. ४५ अंशांत उतरणाऱ्या बॉलला समोरून मागे सुमारे ३२ सेंमी वाट मिळते, ३५ अंशांत जेमतेम २६.

डावा अंगठा तर्जनीला पट्टीने बांधला, बॉल कपाळाच्या वर घ्यायला लावला आणि त्याला रिंगपासून दीड मीटरवर उभं केलं. पहिले दहाही शॉट आखूड. काही तर रिंगला शिवलेही नाहीत. पोरगं रडकुंडीला आलं. पण त्यातच उत्तर होतं: कमी पडणारं बळ इतके दिवस अंगठा पुरवत होता, पाय नव्हे. आता बॉल डोक्याशी नेऊन तो क्षणभर थांबायचा, तेवढ्यात गुडघ्यातून आलेला जोर विरून जायचा. म्हणून नियम एकच ठेवला: गुडघे आणि बॉल एकदमच वर, मध्ये थांबा नाही. अर्ध्या तासाने बॉल रिंगच्या मागच्या कडेपर्यंत पोचायला लागला.

स्टीफन करीही शाळेत असताना कमरेजवळूनच मारायचा. वडील डेल स्वतः एनबीएत, अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळलेले. त्यांनी एका उन्हाळ्यात त्याचा शॉट मोडून नव्याने बांधला. बराच काळ पेंटबाहेरून, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याबाहेरून, शॉट बंद. पुढे २००९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो सातवा निवडला गेला आणि २०१५-१६च्या एका हंगामात त्याने ४०२ थ्री मारले, हे पोरांना पाठ असतं. तो रखडलेला उन्हाळा कोणाला माहीत नसतो.

या मुलासाठी थ्री पॉइंटची ६.७५ मीटरची रेषा पाच आठवडे बंद. चाचणीच्या आधी हे करणं जोखमीचं होतं, पण तोच शॉट घेऊन गेला असता तर तिथे उंच पोरांनी दोन मिनिटांत ओळखलं असतं.

निघताना पट्टी काढून पाच शॉट मारायला लावले. तिसऱ्यालाच अंगठा परत आला. पट्टी पुन्हा बांधली.