एमजीबी रोडस्टर अपडेट: रंगाला हात लावत नाहीये

तर मंडळी, थंडी ओसरली, गाडीखालचं काम बऱ्यापैकी उरकलंय, म्हणून अपडेट. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी १९६८ ची एमजीबी रोडस्टर (म्हणजे दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार), मार्क टू म्हणजे दुसरी आवृत्ती, रंग पेल प्रिमरोज म्हणजे फिकट पिवळा, आत काळं लेदर, तारांच्या आऱ्यांची वायर व्हील्स, आणि ओव्हरड्राइव्ह म्हणजे वेगात इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर. मी इंग्लंडमध्ये राहतो, आणि ॲबिंग्डनच्या ज्या कारखान्यात ही जन्मली ते गाव इथून फार लांब नाही. आपल्याकडे आता एमजी म्हटलं की लोकांना हेक्टर आठवते, पण ही ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसच्या परंपरेतली एमजी.

बघायला येणारा प्रत्येकजण विचारतो, रंग कधी मारणार? मारणार नाही. मडगार्डच्या वरच्या कडेला पॉलिश करून करून रंग इतका पातळ झालाय की खालचा प्रायमर दिसतो, ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला तर इतकी वर्षं हात लागून लागून तो जवळजवळ गेलाच आहे, आणि मला नेमकी तीच जागा सगळ्यात जास्त आवडते. मीटर लावून जाडी मोजली तर बहुतेक पत्र्यांवर १०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे कंपनीचाच रंग, वर दुसरा थर नाही आणि खाली पुटी नाही. बॉनेटला मात्र मॅग्नेट चिकटत नाही, त्यात घाबरायचं काही नाही, त्या काळच्या एमजीबीला बॉनेट ॲल्युमिनियमचंच यायचं. उलट ते चिकटलं असतं तर बॉनेट नंतर कोणीतरी बदललंय असं समजायचं.

आता एमजीबी काही दुर्मिळ गाडी नाही हो. १९६२ पासून १९८० पर्यंत रोडस्टर आणि पक्क्या छताची जीटी मिळून ५ लाखांच्या वर बनल्या. वरून १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी जुन्याच डायांवर (पत्रा दाबायच्या साच्यांवर) अख्खी नवी बॉडी दाबून देते, म्हणजे पैसे असतील तर कोरी करकरीत एमजीबी आजही उभी करता येते. जे विकत मिळत नाही ते म्हणजे त्या काळच्या कामगारांनी लावलेला रंग, त्यांनी मारलेले स्पॉट वेल्ड, तेव्हाच शिवलेलं लेदर. एकदा डेंटिंग-पेंटिंग केलं की ते गेलं, परत येत नाही. म्हणून या गाडीवर माझं काम एवढंच, की कमीत कमी हात लावून ती चालती ठेवायची. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट, म्हणजे गाडी कारखान्यातून कशी निघाली त्याचा दाखला, मागवलं होतं, त्यात रंग आणि ट्रिम (आतली सजावट) दोन्ही जुळले, तो कागद हातात आला त्या दिवशी मी फार खूश होतो.

या वेळचं मोठं काम सिल्सचं. रोडस्टरला पक्कं छत नाही, त्यामुळे बॉडीचा बराचसा ताण सिल्सवर, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्ट्यांवर येतो, आणि बाहेरून चकचकीत दिसणारा सिल आतून संपलेला असू शकतो कारण ते तीन पत्र्यांचं सँडविच आहे, बाहेरचा, मधला पडदा आणि आतला, शिवाय खाली मजबुतीची पट्टी, कॅसल रेल. बघायची सोपी पद्धत म्हणजे गाडी जॅकवर घ्या आणि दार आणि मागच्या मडगार्डमधली फट बघा, जॅक लावल्यावर फट बदलली की समजायचं सिल गेलाय. माझी हलली नाही. तरी पाणी निघायच्या भोकांतून बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून आत बघितलं, धूळ, थोडा वरवरचा गंज, पण मधला पडदा शाबूत. सगळं नीट वाळू दिलं, मग लांब नळीने आत पातळ वॅक्स मारलं, ते प्रत्येक सांध्यातून बाहेर ओघळेपर्यंत. गॅरेजभर आठवडाभर वास होता, पण हे काम करायलाच हवं, या गाडीचं आयुष्य तिथेच ठरतं.

मग कार्ब्युरेटर. एसयू कंपनीचे एचएस४ मॉडेलचे दोन आहेत, आणि खरं सांगतो, या गाडीतला हा सगळ्यात समाधान देणारा भाग. आधी दोन्हीकडे हवा सारखी ओढली जातेय का ते रबरी नळी कानाला लावून सूं आवाजावरून जुळवायचं, मग मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण. कार्ब्युरेटरमधला पिस्टन पिनने अगदी किंचित उचलायचा, आरपीएम वाढून तसेच राहिले तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बंद पडायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर वाढून परत जागेवर आले की बरोबर. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचा नट खाली घेतला की रिच, वर घेतला की लीन, एका वेळी नटची एकच बाजू फिरवायची आणि परत ऐकायचं. ना लॅपटॉप ना सेन्सर, पाना आणि कान बास.

बाकी किरकोळ. सीटमागे खाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, खूप जण तिथे १२ ची एक बसवतात, मी दोनच ठेवल्यात. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे, इथे २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालंय, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉल जुनं रबर खातं, आपल्याकडेही ई२० आल्यापासून जुन्या गाड्यावाल्यांनी हे आधी तपासावं. काढलेले पाइप लेबल लावून डब्यात ठेवलेत. लेदरला फक्त क्लीनर आणि कंडिशनर, भेगा तशाच.

परवा कापडी छत खाली करून गावाबाहेरच्या रस्त्यांवर मनसोक्त फिरवली. कागदावर ९५ हॉर्सपॉवर, आजच्या हिशोबाने काहीच नाही, पण जमिनीला इतकं चिकटून बसलेलं असताना ताशी ८० किलोमीटरलाही सगळं अंगाला जाणवतं, स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडा न् खडा कळतो, आणि चौथ्यात ओव्हरड्राइव्हचा स्विच दाबला की इंजिन एकदम शांत होऊन नुसतं गुणगुणत राहतं. १७९८ सीसीचं हे बी-सिरीज इंजिन खालच्या आरपीएमलाही छान ओढतं, गिअर सारखे बदलावे लागत नाहीत.

पुढचं काम पुढचे शॉक ॲबसॉर्बर. डावा पाझरतोय. हे जुन्या पद्धतीचे, हात असलेले लीव्हर-आर्मवाले आहेत आणि त्यांचा हातच वरचा विशबोन (चाक धरणारा आडवा दांडा) म्हणून काम करतो, त्यामुळे काढायचे तर सस्पेन्शनचा वरचा सांधाही सोडवावा लागणार. आजच्यासारख्या नळकांडी शॉकचं टेलिस्कोपिक किट लावायचं नाहीये, हेच रिकंडिशन करायचेत. कोणी केले असतील तर तेल कोणतं भरलंत आणि सील किती टिकले तेवढं सांगा.