मे महिन्यातला सडा

मे महिना, दुसरा आठवडा. पहाटे 5:50

रत्नागिरीजवळचा भाट्याचा पूल ओलांडून रस्ता चढणीला लागला की माडांची सावली संपते. वर गोळपचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. या दिवसांत तो थेट वाळवंट दिसतो: काळपट तांबडा कातळ, फटींतून वाळून पिवळं पडलेलं बोटभर गवत, झाडाचा पत्ता नाही. जिथं आंब्याची कलमं दिसतात तिथं कातळात सुरुंग लावून खड्डे काढलेत आणि बाहेरून माती आणून भरली आहे.

खरं वाळवंट पावसाविना होतं. इथं वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. सडा कोरडा पडतो तो पाणी धरून ठेवायला माती नाही म्हणून. जांभा म्हणजे उष्ण, ओल्या हवेत झिजत गेलेला खडक. त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. दगड जाळीदार, त्यामुळे पाणी आत मुरतं, खाली शेडी नावाच्या चिकण मातीच्या थरावर अडतं आणि पायथ्याच्या झऱ्यांतून बाहेर येतं. खालच्या वाडीतल्या विहिरी आणि पोफळीची आगरं या पाण्यावर उभी आहेत. सातबाऱ्यावर मात्र सड्यापुढे ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, असं लिहितात. इतकी चुकीची नोंद दुसरी नसेल.

6:20

गाडी डांबरावरून खाली उतरवायची नाही, कारण मार्च ते मे हे माळटिटवीचे अंड्यांचे दिवस. हिच्या चोचीपाशी कातडीची पिवळी लोळी असते आणि डोकं काळं. पाणथळीतली ‘टिटीव-टिटीव’ ओरडणारी लाल गाठीची टिटवी वेगळी. घरटं म्हणजे उघड्या कातळावरचा एक खळगा, फार तर भोवती चार खडे. अंडी बहुधा चार, टोकं आत वळवलेली, रंग अगदी जांभ्याच्या चुऱ्यासारखा. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत, मग टायरखाली सहज जातात. पक्षी ओरडत पुढे पळाला आणि भलतीकडेच अंड्यांवर बसल्यासारखा बसला, तर घरटं तिथं नाही, मागे आहे. आपण आलो त्याच पावलांनी परतायचं. दुपारी तिला फार वेळ उठवून ठेवलं तर अंडी तापून आतला जीव मरतो. पोटाची पिसं पाण्यात भिजवून ती अंडी गार ठेवते, म्हणून मे महिन्यात सड्यावर उरलेलं एखादं डबकंसुद्धा मोलाचं.

चंडोल याच वेळी दिसतो. तुरा उभारून दगडावर बसतो, मग गात सरळ वर चढतो. आठनंतर सगळं शांत होतं, कारण कातळ तापतो. दहा वाजता इथं येऊन ‘काहीच नाही’ म्हणणारे खूप भेटतात.

7:40

सुटे दगड उलटायचे नाहीत. पहिलं कारण फुरसं, हा विषारी साप. जेमतेम हातभर लांब, रंग मातीचा, दिवसा दगडाखाली. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं. तो ऐकला की थांबून मागे सरायचं. पायात घोट्यावर येणारे बूट हवेत, चप्पल नाही. चावलंच तर अवयव हलवायचा नाही, आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी प्रतिविष लस एकच आहे. विष रक्त गोठू देत नाही आणि परिणाम उशिराही दिसतो, म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी बसणं धोक्याचं.

दुसरं कारण पाल. पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल अशाच सुट्या दगडांखाली राहते. तिची शास्त्रीय नोंद 1963 सालची, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावची. तिचा मुलूख म्हणजे हे सडे. दगड उचलून तसाच्या तसा परत बसत नाही, खालची ओल जाते आणि तिचं घर मोडतं. चिऱ्याच्या खाणी आणि सपाटीकरण हेच मोठ्या प्रमाणावर करतात.

फटींतलं वाळकं गवत मेलेलं समजू नये. त्यातलं ट्रायपोगॉन नावाचं गवत पूर्ण सुकून गुंडाळून पडतं आणि पाणी मिळालं की थोड्याच वेळात तीच पानं हिरवी होतात. पाऊस स्थिरावला की दोन इंच पाण्यात गेंद आणि सीतेची आसवं फुलतात. ज्याने आज इथं वणवा लावला, त्याने गवताबरोबर टिटवीची अंडीही जाळली.

9:10, कशेळी

पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीच्या सड्यावर. कातळात कोरलेला हत्ती, लांबी 18 मीटरच्या आसपास, त्याच्या पोटात आणखी प्राणी. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडाही आहे, जो आज इथं नाही. 2022 मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बघायला खरी वेळ सूर्य तिरपा असताना, सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर, कारण रेघा उथळ आहेत आणि सावलीशिवाय त्या दिसत नाहीत. आज उशीर झाला. रेघांत पाणी किंवा खडू घालून फोटो काढू नये, शिल्पावर पाय देऊ नये.

रात्री 8:15

परतीचा रस्ता, वेग 30. पुढे डांबरावर दोन लालसर ठिपके चमकतात, ते रातवा या निशाचर पक्ष्याचे डोळे. दिवसभर तापलेल्या डांबरावर बसतो आणि वरून जाणारे किडे टिपतो. प्रखर झोतात दिपतो आणि उडत नाही. लांबचा झोत लगेच खाली करायचा, वेग आणखी कमी करायचा, हॉर्न नको. तरीही बसून राहिला तर दिवे क्षणभर मंद करायचे, बहुतेकदा तेवढ्यात उठतो. गोळपच्या उतारापर्यंत आज सहा मोजले, त्यातला एक चिरडलेला.