हीटर म्हणतो कंट्रोलर, कंट्रोलर म्हणतो हीटर

उत्तर आधीच सांगून टाकतो. फिश टँकला बाहेरून टेंपरेचर कंट्रोलर (पाण्याचं तापमान बघून हीटरची वीज चालू-बंद करणारा डबा) लावला असेल, तर हीटरचा स्वतःचा नॉब कंट्रोलरच्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंश वर ठेवा. हे एवढं वाक्य मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझे नऊ दिवस आणि एका जादा हीटरचे पैसे वाचले असते.

नाशिकचा डिसेंबर. दोन फूट बाय एक बाय एकची टाकी, म्हणजे काठोकाठ भरली तर ५६ लिटर. त्यात चार एंजल मासे. हीटर नसेल तर पहाटे पाणी १९ वर येतं. माझा जुना शंभर वॉटचा काचेचा हीटर दोन हिवाळे गुमान चालला आणि एका सकाळी पाणी ३३! मासे वर येऊन धापा टाकत होते. नॉब पार खाली आणला तरी दिवा विझेना, म्हणजे आतल्या थर्मोस्टॅटचे (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेले. प्लग काढला, एअर पंप पूर्ण सोडला, पाणी आपोआप उतरू दिलं. (बर्फ टाकू नका. एकदम थंडीचा झटका बसला की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मागे लागतो.)

मग नवा हीटर आणि जोडीला एसटीसी-१००० कंट्रोलर घेतला. एकाने दगा दिला तर दुसरा सांभाळेल, हा हिशेब. वायरमनने अर्ध्या तासात जोडून दिला. कंट्रोलर २६ वर, हीटरचा नॉबही २६ वर. किती व्यवस्थित माणूस मी!

दुसऱ्या दिवशी पाणी २४. तिसऱ्या दिवशीही २४. कंट्रोलरचा हीटिंगचा दिवा लागलेला आणि हीटरचा दिवा बंद.

ज्यांच्याकडून कंट्रोलर मागवला त्यांना फोन केला. "सर, आमचं युनिट हीटिंग दाखवतंय ना? मग हीटर खराब आहे." हीटर घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने तिथल्या टाकीत बुडवून लावला, लगेच दिवा लागला. "हा ठणठणीत आहे. तुमचा तो डबा बदला." घरी आलो, पुन्हा २४. पुन्हा फोन, नवीन माणूस, नवीन तक्रार क्रमांक, पहिल्यापासून सगळी कथा. "सर, एकदा बंद करून चालू करा." केलं. "व्हिडिओ पाठवा." पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं की व्हिडिओत आमचं युनिट व्यवस्थित दिसतंय. या टोलवाटोलवीत सहा दिवस गेले. वैतागून दुसरा हीटर विकत घेतला, त्याचाही नॉब इमानेइतबारे २६ वर केला. पाणी २४.५! मला त्या अर्ध्या अंशाचा इतका आनंद झाला की लाज वाटावी.

शेवटी आई म्हणाली, "अरे, दोघांनाही वेगवेगळं करून बघ ना." मग कंट्रोलरच्या सॉकेटला हीटरऐवजी टेबल लॅम्प लावला. प्रोब, म्हणजे कंट्रोलरची तापमान मोजणारी वायर, बर्फाच्या पाण्यात धरला, लॅम्प लागला. प्रोब मुठीत घट्ट धरला, आकडा चढत २६ ला पोचला आणि लॅम्प विझला. म्हणजे कंट्रोलर निर्दोष. मग हीटर टाकीतच ठेवून थेट भिंतीच्या प्लगला लावला. दिवा नाही. नॉब हळूहळू फिरवत नेला, २८ च्या जवळ आतून बारीक 'टक्' ऐकू आलं आणि दिवा लागला. या हीटरच्या लेखी २६ म्हणजे खरे २४. दुकानातली टाकी गार होती, म्हणून तिथे शहाण्यासारखा वागला. कंट्रोलर वीज देत होता, पण हीटर आपल्या मते काम संपवून झोपला होता. दोघेही बरोबर, आणि मी मधल्यामध्ये येडा.

नॉब २९ वर केला. आता कंट्रोलरची रिले (आतला स्विच) कधी चिकटली तरी हीटर खऱ्या २७ च्या आसपास स्वतः थांबेल.

बर्फाच्या पाण्याचा अजून एक उपयोग: भरपूर बर्फ आणि थोडं पाणी ढवळून त्यात प्रोब ठेवला की ० दिसायला हवं. माझ्याकडे १.२ दिसलं, ते कंट्रोलरच्या एफ-४ या मोजमाप-दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये उणे १.२ टाकून दुरुस्त केलं. एफ-२ ला (किती अंश उतरल्यावर हीटर सुरू करायचा ते सेटिंग) ०.५ पुरे, म्हणजे २५.५ ला सुरू आणि २६ ला बंद.

आणि दर पाच मिनिटांनी आकडा बघायला जाऊ नका. ५६ लिटर पाणी एक अंशाने चढवायला शंभर वॉटला निदान ४० मिनिटं लागतात, थंड खोलीत आणखी जास्त.

हे लिहिता लिहिता आठवलं: प्रोबचा रबरी कप सुटून प्रोब पाण्याबाहेर लोंबला, तर कंट्रोलर खोलीची हवा मोजत बसतो आणि हीटरची वीज तोडतच नाही. मी प्रोब फिल्टरच्या पाइपला बांधून टाकलाय. पाणी बदलायच्या आधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा, गरम काच उघडी पडली की तडकते. आणि टाकीच्या लाइनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. पाण्यात हात घालणारे आपणच असतो.

आज पहाटे बाहेर ९, टाकीत २५.८. जादा घेतलेला हीटर दुकानदार परत घेत नाही. म्हणतो, पाण्यात बुडवलेला माल चालत नाही.