मॅनअवे ते लट्रोब: जॅक लॅम्बर्टच्या मागावर दोन दिवस

माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, क्लीव्हलँडजवळ राहतो, उंची ताडमाड आणि अंगावर मांस नाही. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये लाइनबॅकर खेळतो. मे महिन्यात त्याला सांगण्यात आलं की या शरीरावर लाइनबॅकर होणं कठीण आहे, वजन वाढव नाहीतर दुसरी पोझिशन बघ. तेव्हापासून पोरगं गप्प. ताई फोनवर म्हणाली, तू जुलैत येतोयस ना, याला कुठेतरी फिरवून आण. मी म्हटलं आणतो, आणि मला नायगारा वगैरे सुचायच्या ऐवजी एकदम जॅक लॅम्बर्ट सुचला, कारण मी अमेरिकेत नवीन असताना पिट्सबर्गमध्ये दोन वर्षं काढलीत आणि तिथे राहून तिथल्या स्टीलर्स या फुटबॉल टीमचं वेड लागलं नाही असा माणूस मी तरी बघितलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सच्या पुढच्या फळीत बहुतेक वेळा चार धिप्पाड लोक असतात, त्यांच्या मागे दोन-चार पावलांवर लाइनबॅकर. मधला जो असतो तो डिफेन्सचा मेंदू, समोरच्यांची मांडणी बघून आपल्या लोकांना ओरडून सांगणारा, आणि मग बॉल जिकडे जाईल तिकडे धावून माणसाला लोळवणारा. कबड्डीत चढाई करणाऱ्याचे पाय वाचणारा पकडीतला हुशार गडी आठवा, तसंच काहीसं, फक्त समोरून येणारा शंभर किलोचा असतो आणि पूर्ण वेगात असतो. 1974 ते 1984 अशी अकरा वर्षं पिट्सबर्ग स्टीलर्ससाठी हे काम लॅम्बर्टने केलं. 6 फूट 4 इंच उंची आणि आला तेव्हा वजन 200 पाउंडांच्या जरासंच वर. म्हणजे भाच्याच्याच वळणाचा.

पहिला मुक्काम मॅन्टुआ. हे नाव वाचून मी मॅन्टुआ म्हणालो तर पेट्रोल पंपावरच्या बाईंनी शांतपणे सुधारलं, मॅनअवे. लहानसं गाव, आजूबाजूला शेतं, एक मुख्य रस्ता. जवळच क्रेस्टवुड हायस्कूल. इथून लॅम्बर्ट 1970 साली बाहेर पडला. शाळेत तो क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि बॉल फेकणारा, खेळायचा, बास्केटबॉलसुद्धा, आणि त्याचा तो जगप्रसिद्ध दात नसलेला फोटो आहे ना, ते दात फुटबॉलमध्ये नाही पडले, शाळेत बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसला टीममधल्याच एका मुलाचं डोकं लागून पडले. एरवी कवळी लावायचा, मॅचला काढून ठेवायचा. तो फोटो बघून लोकांना वाटतं की हा माणूस राक्षस होता, आणि मला कायम वाटत आलंय की त्या फोटोने लॅम्बर्टवर अन्यायच केला, कारण त्याच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल जेवढं वाचाल तेवढा तो अभ्यासू मुलगा दिसत जातो. शाळा सुट्टीमुळे बंद होती, मैदानावर फक्त गवत कापायचं मशीन फिरत होतं. भाचा कुंपणाला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, मामा, आमचं ग्राउंड यापेक्षा मोठं आहे.

तिथून केंट अर्ध्या तासाच्या आत. केंट स्टेट युनिव्हर्सिटी. इथे आल्यावर फुटबॉल थोडा वेळ विसरावाच लागतो. 4 मे 1970 ला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं चालू असताना ओहायो नॅशनल गार्डच्या सैनिकांनी 13 सेकंदांत 67 गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. प्रेंटिस हॉलच्या पार्किंग लॉटमध्ये जिथे जिथे ती मुलं पडली ती जागा खांब लावून राखून ठेवलीय, तिथे गाडी लावत नाहीत. आजूबाजूला मात्र नेहमीसारख्या गाड्या लागलेल्या असतात. मला वाटलं होतं भाच्याला शाळेत हे शिकवलं असेल, शिकवलंही होतं, पण जागेवर उभं राहणं वेगळं. तो प्रत्येक खांबापाशी जाऊन नाव वाचून आला. आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत अठरा वर्षांचा लॅम्बर्ट या कॅम्पसवर दाखल झाला, म्हणजे गोळीबाराला जेमतेम चार महिने झालेले. निक सेबन, जो पुढे कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा कोच झाला, तोही तेव्हा इथेच विद्यार्थी होता आणि नंतर लॅम्बर्टबरोबर एकाच टीममध्ये खेळला.

1971 मध्ये डॉन जेम्स कोच म्हणून आले. लॅम्बर्ट तेव्हा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे पुढच्या फळीत कडेला. मग मधल्या लाइनबॅकरची जागा रिकामी झाली आणि त्याला तिथे उभं केलं. 1972 मध्ये केंट स्टेटने आपली कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांची लीग, जिंकली, वर्षअखेरीला ऑरलँडोच्या टँजरीन बोल या सामन्यात टँपा युनिव्हर्सिटीकडून 21-18 हरले. लॅम्बर्टचा 99 नंबर युनिव्हर्सिटीने आता कायमचा निवृत्त केलाय.

पण मला भाच्याला केंटमध्ये जे सांगायचं होतं ते वेगळं. गोष्ट अशी सांगतात की स्टीलर्सचा स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा माणूस, एकदा इथे प्रॅक्टिस बघायला आला, मैदानात चिखल म्हणून प्रॅक्टिस पार्किंग लॉटमध्ये, खाली बारीक खडी. अशा ठिकाणी कोणी अंग टाकत नाही, हळू हळू चालून स्टेप्स करून घेतात. लॅम्बर्टने टॅकलसाठी, म्हणजे समोरच्याला पाडायला, सूर मारला आणि उठून अंगात रुतलेले खडे काढत परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. स्काउटला वजनाचा आकडा माहीत होताच, तो सगळ्याच टीम्सना माहीत होता, पण हे फक्त त्याला दिसलं. आम्ही डिक्स स्टेडियमबाहेर एका पार्किंग लॉटमध्ये उभे होतो, ती हीच जागा असं मी म्हणणार नाही, हल्ली सगळीकडे डांबर आहे, पण भाचा खाली वाकून डांबरावरून तळहात फिरवत होता. केंटमध्ये काळ्या खारी खूप आहेत, त्यातली एक आमच्याकडे बघत बसली होती.

रात्री कँटनला मुक्काम, सकाळी प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम. 1920 साली याच गावात एका मोटारींच्या शोरूममध्ये बसून काही लोकांनी आजच्या एनएफएल या व्यावसायिक लीगची सुरुवात केली म्हणून हॉल इथे. आत एक अंधारलेली गॅलरी आहे, ब्राँझचे अर्धपुतळे वर्षांप्रमाणे लावलेत. लॅम्बर्ट 1990 च्या रांगेत, स्टीलर्सचाच फ्रँको हॅरिसही त्याच वर्षीचा. जन्म, शाळा, कॉलेज आणि हा पुतळा, सगळं तासाभराच्या ड्रायव्हिंगच्या आत. या गॅलरीत आम्ही एक खेळ केला, 1974 च्या ड्राफ्टमधले, म्हणजे टीम्स आळीपाळीने कॉलेजमधले खेळाडू निवडतात त्यातले, स्टीलर्स शोधायचे. पहिल्या राउंडला लिन स्वॉन, दुसऱ्याला, एकूण 46 वा, लॅम्बर्ट, चौथ्याला जॉन स्टॉलवर्थ, पाचव्याला माइक वेबस्टर. एका ड्राफ्टमधले चार जण हॉल ऑफ फेममध्ये. आणि ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला डॉनी शेल त्याच वर्षी टीममध्ये आला, त्याचाही पुतळा आहे.

माइक वेबस्टरच्या पुतळ्यापाशी मी जास्त वेळ थांबलो, कारण ताईला मी शब्द दिला होता की फक्त कौतुकाच्या गोष्टी सांगणार नाही. वेबस्टर 2002 मध्ये गेला, पन्नाशीत, शेवटची वर्षं फार वाईट अवस्थेत. पिट्सबर्गमध्येच डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या मारामुळे होणारा सीटीई हा आजार फुटबॉल खेळाडूत पहिल्यांदा दाखवून दिला. हे मी त्याला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, माहितीये, आई रोज सांगते. मग थोड्या वेळाने, "पण मामा, डोकं खाली घालून टॅकल करायला आम्हाला आता अलाउडच नाहीये." मी म्हटलं हे तू आईला सांग, माझ्यापेक्षा तिला जास्त गरज आहे. मला स्वतःला या खेळाचं प्रेम आहे आणि ही भीतीही आहे, दोन्ही खरं आहे, आणि यातलं एक सोडून द्यावं असं मला अजून जमलेलं नाही.

कँटनहून पिट्सबर्ग दोन तासांच्या आत. हा रस्ता मला मुद्दाम दुपारच्या उजेडात करायचा होता. ड्राफ्ट झाला जानेवारी 1974 मध्ये, ट्रेनिंग कॅम्प उन्हाळ्यात. मधल्या महिन्यांत लॅम्बर्ट केंटहून दर आठवड्याला गाडी काढून पिट्सबर्गला यायचा, कोचबरोबर बसून मॅचच्या फिल्म्स बघायचा आणि परत जायचा. साधारण शंभर मैल जायला, शंभर मैल यायला. टीममध्ये मधला लाइनबॅकर म्हणून हेन्री डेव्हिस होताच, त्यामुळे जागा मिळेल याची कोणी खात्री दिली नव्हती. आम्ही टर्नपाइकवरून, म्हणजे टोलच्या हायवेवरून, जात होतो, दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या, ट्रकच्या रांगा, आणि मी विचार करत होतो की एकवीस वर्षांचा पोरगा दर आठवड्याला एकटा या वाटेने येताना डोक्यात काय घोकत असेल. भाचा झोपला होता.

फोर्ट पिट बोगद्याच्या तोंडाशी त्याला उठवलं. पिट्सबर्गला पश्चिमेकडून येणाऱ्याने हा बोगदा जागेपणीच ओलांडावा, अंधारातून एकदम पुलावर बाहेर पडतो आणि समोर सगळं शहर उभं, डावीकडे खाली मोनोंगहिला आणि अलेगेनी नद्या मिळून ओहायो नदी तयार होते तो संगम. आपल्याकडच्या माणसाला संगम म्हटलं की घाट आणि देऊळ दिसतं, इथे कारंजं आहे आणि पलीकडच्या काठावर पिवळ्या खुर्च्यांचं स्टेडियम. लॅम्बर्ट खेळला ते थ्री रिव्हर्स स्टेडियम 2001 मध्ये सुरुंग लावून पाडलं, आता तिथे पार्किंग आणि इमारती. 1972 मध्ये फ्रँको हॅरिसने एक चमत्कारी कॅच घेतला होता, ती जागा फुटपाथवर खूण करून ठेवलीय, तिथे आम्ही फोटो काढला.

नदीकाठच्या पायऱ्यांवर सँडविच खाताना 1974 ची गोष्ट पुरी केली. त्या उन्हाळ्यात खेळाडूंचा संप होता, जुने खेळाडू कॅम्पला आलेच नाहीत, त्यामुळे नव्या पोरांना प्रॅक्टिस भरपूर मिळाली. संप मिटला, मग हेन्री डेव्हिस जखमी झाला, आणि लॅम्बर्ट मधे उभा राहिला. स्टीलर्स 1933 पासून खेळत होते आणि एकदाही चॅम्पियन झाले नव्हते. त्या डिफेन्समध्ये जो ग्रीन, एल. सी. ग्रीनवुड, जॅक हॅम, मेल ब्लाउंट असले लोक, आणि सगळ्यांच्या मधोमध हा रूकी, म्हणजे पहिल्याच वर्षाचा खेळाडू. वर्षअखेरीला डिफेन्समधला सर्वोत्तम रूकी तोच ठरला. 12 जानेवारी 1975 ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, मिनेसोटाला 16-6 हरवलं, मिनेसोटाला धावून फक्त 17 यार्ड मिळाले. त्या दिवशी लॅम्बर्टला दुखापतीमुळे मधेच बाहेर बसावं लागलं, हे फार कमी लोक सांगतात.

वजनाचं काय झालं मग? भाच्याने विचारलंच. दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे जो ग्रीन समोरच्या फळीतल्या सेंटर आणि गार्ड यांच्या फटीत तिरका उभा राहायला लागला, त्याला आवरायला समोरच्यांचे दोन-दोन माणसं गुंतायची, त्यामुळे लॅम्बर्टपर्यंत वाट अडवणारे धिप्पाड ब्लॉकर कमी पोचायचे आणि तो मोकळा धावायचा. दुसरी गोष्ट बड कार्सन या डिफेन्सच्या कोचची. पास येणार असं दिसलं की मधल्या लाइनबॅकरने उलटं मागे पळत जाऊन मैदानाचा मधला खोल भाग सांभाळायचा. हे जड माणसाला जमत नाही, उंच आणि सडपातळच लागतो. टोनी डंजी पुढे त्याच टीममध्ये खेळला आणि कोच झाल्यावर ही पद्धत टँपा बे या टीमकडे घेऊन गेला, आज तिला टँपा टू म्हणतात. हे ऐकताना भाच्याने सँडविच खाली ठेवलं. "म्हणजे त्याला बारीकच ठेवला?" मी म्हटलं, ठेवला असं नाही, पण आहे तसाच कामाला लावला.

शेवटचा टप्पा लट्रोब, पूर्वेला तासाभरावर. सेंट व्हिन्सेंट कॉलेज, 1846 साली बेनेडिक्टाइन साधूंनी सुरू केलेलं, लाल विटांचं मोठं चर्च, आणि त्याच्या खाली मैदानं जिथे स्टीलर्स 1960 च्या दशकापासून उन्हाळी कॅम्पला येतात. खेळाडू हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये राहतात. लोकांना फुकट बघता येतं, आम्ही गवताच्या उतारावर बसलो, भोवती स्टीलर्सच्या चाहत्यांचे पिवळे टॉवेल घेतलेली म्हातारी माणसं, आणि त्यातल्या एका आजोबांच्या अंगावर जुना धुऊन धुऊन विटलेला 58 नंबर. लॅम्बर्टचा. त्यांनी भाच्याला विचारलं कुठे खेळतोस, तो म्हणाला लाइनबॅकर, आणि मे महिन्यानंतर हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आजोबा त्याला 4 जानेवारी 1976 ची मॅच सांगत बसले, ओकलंडविरुद्धची, मैदानावर बर्फ, लॅम्बर्टने सांडलेला बॉल तीनदा उचलला आणि स्टीलर्स 16-10 जिंकले. मग 1976 चा सीझन, पाचपैकी चार मॅचेस हरले आणि नंतरच्या नऊच्या नऊ जिंकल्या, त्या नऊ मॅचेसमध्ये डिफेन्सने मिळून 28 पॉइंट दिले, पाचांत शून्य. लॅम्बर्ट त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू, वय 24. आजोबा हे आकडे आपल्या नातवंडांचे वाढदिवस सांगावेत तसे सांगत होते.

खाली मैदानात एक रूकी, नाव पाठीवरून वाचता येत नव्हतं, प्रॅक्टिस संपल्यावरही एकटाच थांबून मागे पळत जाण्याचा सराव करत होता. पाच पावलं, वळायचं, परत. सगळे निघून गेले तरी आम्ही तो जाईपर्यंत बसलो.

परत निघालो तेव्हा अंधार पडायला आला होता. भाच्याने ती 1976 ची मॅच फोनवर शोधून काढली, धुरकट जुनी चित्रफीत, आणि तो एकच प्ले परत परत लावत होता, थांबवत, मागे नेत. टर्नपाइकवर टोल गेला, ओहायोची हद्द आली, मी रेडिओ लावला तर म्हणाला बंद कर ना. बऱ्याच वेळाने बोलला, "मामा, बॉल हलायच्या आधीच याचे पाय चालू होतात, बघ." मी म्हटलं मी गाडी चालवतोय, तूच बघ आणि मला सांग. मग घर येईपर्यंत तो सांगत राहिला.