पुलावरची पाटी

अमळनेर, मे महिन्यातला तिसरा रविवार. रात्री उशिरा.

दुपारी बाहेर चिटपाखरू नव्हतं. आमरस चापून आडवा झालो तर कूलर घरघरायला लागला, झोप गेली. मग टीव्हीवर ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ लावला. १९५७चा, डेव्हिड लीनचा. कॉलेजात असताना पाहिला होता आणि त्यावर वहीत चार पानं खरडली होती. ती वही मध्यंतरी माळ्यावर सापडली, म्हणून ही खुमखुमी.

वहीत मी फार हुशारी पाजळली आहे. सुरुवातीलाच आकाशात घार तरंगते, त्यावर लिहिलंय, ‘घार म्हणजे नियती’. पूल म्हणजे पूर्व-पश्चिमेचं मीलन, खाली दोन रेघा. वाचून हसू आलं. घार आमच्याकडे वैशाखात मान वर केली की दिसते, आणि तिचं सगळं लक्ष उंदरावर असतं.

अर्ध्या तासात नाना, माझे वडील, उठून शेजारी येऊन बसले. इंग्रजी त्यांना कळत नाही, म्हणून मी सांगत गेलो. दुसरं महायुद्ध, ब्रह्मदेश-सयाम (आताचं थायलंड) रेल्वेचं काम, जपान्यांची छावणी, कैदेत इंग्रज पलटण. कर्नल निकल्सन तिचा साहेब. अलेक गिनेसनं काय उभा केलाय तो! छावणीचा प्रमुख सैतो म्हणतो, अफसरांनीही मजुरी करायची. निकल्सन युद्धकैद्यांबद्दलच्या जिनिव्हा कराराचं पुस्तक दाखवतो, सैतो तेच पुस्तक त्याच्या तोंडावर मारतो. मग त्याला पत्र्याच्या पेटीत उन्हात डांबतात. नाना पत्र्याच्या घरात वाढलेले, ते एवढंच म्हणाले, “पत्रामा माणूस बोलत नही.”

निकल्सन जिंकतो. सैतोला माघार घ्यावी लागते, अब्रू राखायला तो १९०५ साली जपाननं रशियाला हरवलं त्या दिवसाचं निमित्त काढतो, आणि नंतर खोलीत एकटा हमसून रडतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते रडणं मला कमजोरी वाटलं होतं. आज वाटलं, सगळ्या छावणीत आपण हरलोय हे नीट कळलेला हा एकटाच. निकल्सन हरायला तर आत्ता कुठे सुरुवात करतो.

कारण त्याच्या लक्षात येतं, की पोरं मुद्दाम वाकडं काम करताहेत, पूल चुकीच्या जागी चाललाय. ते त्याला सोसवत नाही. शिस्त राहावी म्हणून तो पूल हातात घेतो, जागा बदलतो, इथलं लाकूड इंग्लंडातल्या एल्म झाडासारखं आहे आणि लंडन ब्रिजचे एल्मचे खांब ६०० वर्षं टिकले हे ऐकून खुलतो. शत्रूची आगगाडी जाणार त्या पुलावरून! डॉक्टर क्लिप्टन चाचरत विचारतो, हा द्रोह नाही का? तर हा उलट विचारतो, उद्या सैतोचं ऑपरेशन करायची वेळ आली तर नीट करशील की मरू देशील? डॉक्टर गप्प. मीही गप्प, कारण मला उत्तर सुचलं नाही. शेवटी दिवस कमी पडतात तेव्हा हाच माणूस, ज्यानं अफसरांनी मजुरी करायची नाही म्हणून पेटीत मरण पत्करलं होतं, तो स्वतः अफसरांना कामाला लावतो आणि दवाखान्यातून आजारी शिपाई उठवून आणतो. सैतोला जे मारून जमलं नाही ते यानं गोडीगुलाबीनं केलं. माझ्या त्या चार पानांत हा प्रसंगच नाही. घारीतून वेळ मिळाला नसावा.

इथे मी नानांना विचारलं, “हा चुकतोय ना?”

“तेन्हं काय चुकनं?” नाना म्हणाले. “हातले वाकडं काम कराले येत नही.”

नाना २६ वर्षं जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मिस्तरी होते. डबल रोलरचं जिन बसवणं म्हणजे त्यांच्या भाषेत नवरीला सजवणं. चामड्याच्या रोलरला खाचा पाडायच्या, सुरी बेतानं भिडवायची. जास्त भिडली तर सरकी फुटून रुईत डाग, सैल राहिली तर सरकीलाच रुई चिकटून जाते. फुटलेली सरकी त्यांना नुसत्या आवाजावरून कळायची, जेवताना हात थांबायचा. शेवटच्या हंगामात मालकानं चार महिने पगार दिला नव्हता. निम्मे लोक येईनासे झाले. नाना जात होते. होळीच्या सुमाराला तीन रात्री घरी न येता त्यांनी सगळी जिनं उघडून पुन्हा बसवली. आई डबा पाठवायची, मी सायकलवर पोचवायचो. चौथ्या दिवशी गुजरातेतून दोन माणसं आली, चालू मशीन बघितली, खूश झाली, सौदा झाला. अक्षय्य तृतीयेच्या आत जिनं ट्रकवर चढली. मालकाला भाव चांगला आला, कारण मशीन सुरेख चालत होती. कामगारांचे पैसे बुडाले ते बुडालेच. आणि ट्रकवर चढवताना रोलरला ग्रीस फासून गोणपाट गुंडाळत होते ते नानाच. आईनं तेव्हा जे बोलायचं ते बोलून घेतलं. आखाजीला, म्हणजे त्याच अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पुरण शिजलं नव्हतं.

हे सगळं आज निकल्सनच्या तोंडाकडे बघताना आठवलं, आणि ते बरोबर नव्हे असं वाटून मी आवाज वाढवला.

पूल पूर्ण होतो. निकल्सन पाटी ठोकतो: ब्रिटिश सैनिकांनी बांधला, १९४३, खाली आपलं नाव. गंमत अशी, की या पाटीचा सिनेमा ज्यांनी लिहिला त्या मायकल विल्सन आणि कार्ल फोरमन यांचं नाव तेव्हा पडद्यावर नव्हतंच. कम्युनिस्ट ठरवून दोघांना काळ्या यादीत टाकलं होतं. पटकथेचं ऑस्कर गेलं मूळ कादंबरीकार पिएर बूल यांना, जे फ्रेंचमध्ये लिहीत. खऱ्या लेखकांना ते मिळालं पंचवीसहून अधिक वर्षांनी, दोघेही गेल्यावर. आणि खऱ्या रेल्वेवर, ४१५ किलोमीटरच्या, १२ हजारांवर युद्धकैदी मेले. त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले, मलायाच्या रबरमळ्यांतले तमिळ त्यात खूप. सिनेमात ते जवळपास नाहीतच. त्यांच्या नावाची पाटी कुठल्या पुलावर शोधायची?

मग संध्याकाळचा तो प्रसंग. निकल्सन कठड्याला टेकून सैतोशी बोलतो. उद्या नोकरीला २८ वर्षं होतील, त्यात घरी जेमतेम दहा महिने. भारत आवडला म्हणतो. कधी कधी वाटतं, आपण सुरुवातीपेक्षा शेवटाच्या जवळ आलो, आणि आपण असण्यानं कुणाला काही फरक पडला का? बोलता बोलता हातातली छडी निसटून नदीत पडते. तो जरासा वैतागतो, बस. त्याच रात्री पूल उडवायला आलेले दोस्त सैन्याचे कमांडो त्याच पाण्यात सुरुंग लावतात. वहीत छडीबद्दल एक अक्षर नाही. साहेबाची छडी म्हणजे त्याचा हुद्दा, असं आता लिहिता येईल, पण मला त्या क्षणी तिथे फक्त एक म्हातारा दिसला, ज्याला कुणीतरी ‘काम चांगलं झालं’ म्हणावं असं वाटतंय आणि म्हणायला समोर कैद करणाराच आहे.

सकाळी नदीचं पाणी उतरतं, वायर उघडी पडते, निकल्सनच ती बघतो. आणि आमची लाईट गेली.

अंधारलेल्या खोलीत दोघं घाम पुसत बसलो. मी शेवटी विचारलं, “नाना, पगार नव्हता तरी ती जिनं का बसवली?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मालक चोर व्हता. मशीन थोडीच चोर व्हतं?”

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “तो पूल राहिना का रे?”

सिनेमात राहत नाही. निकल्सनला आपण काय केलं ते उमगतं, तोफगोळा लागून तो नेमका सुरुंगाच्या दांड्यावर कोसळतो, आणि गाडीसकट पूल नदीत जातो. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण बूलच्या कादंबरीत पूल शाबूत राहतो, हेही खरं.

“पुस्तकात राहतो,” मी म्हणालो.

“बरं झायं.”

लाईट आली तशी कूलरची घरघर पुन्हा सुरू झाली. नाना उठले, खाटेखालची पेटी ओढली आणि तेरा नंबरचा पाना शोधायला लागले.