लेकीचे पीसीव्हीचे तीन डोस : नागपुरातला माझा अनुभव

माझ्या लेकीचे पीसीव्हीचे, म्हणजे न्यूमोकोकल लसीचे, तिन्ही डोस महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात मोफत झाले. सुईचं काम मिनिटभराचं. खरा घोळ होतो तो तारखांचा.

सरकारी वेळापत्रकात ही लस दीड महिन्याला (6 आठवडे), साडेतीन महिन्यांना (14 आठवडे) आणि नववा महिना पूर्ण झाल्यावर बूस्टर, म्हणजे आधीच्या डोसांचा परिणाम वाढवणारा डोस, अशी असते. अडीच महिन्यांना पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) असते, पीसीव्ही नसते. खासगी बालरोगतज्ज्ञ 6, 10, 14 आठवडे आणि 12 ते 15 महिन्यांत बूस्टर असे चार डोस देतात. त्यामुळे शेजारच्या बाळाचं कार्ड पाहिलं की आपला एक डोस राहिला असं वाटतं. तो राहिलेला नसतो. खासगीत सुरू करून केंद्रात यायचं असेल तर मात्र जुनं कार्ड आठवणीनं न्या.

आम्हाला मिळाली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल, न्यूमोकोकस या जंतूच्या 10 प्रकारांविरुद्धची. खासगीत जास्त प्रकारांच्या लसी आहेत, पण एकेका डोसला काही हजार लागतात. पैसे जमेपर्यंत थांबण्यापेक्षा मोफत मिळणारी लस वेळेवर घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. न्यूमोकोकसमुळे न्यूमोनिया होतो, मेंदूज्वर होतो, रक्तात जंतू पसरतात, आणि दोन वर्षांखालच्या बाळांना धोका सर्वांत जास्त. 2015 मध्ये जगभरात पाच वर्षांखालची सुमारे 3 लाख मुलं या एका जंतूनं गेली, असा अंदाज आहे.

केंद्रावर जाताना मांडी पटकन मोकळी होईल असे कपडे घाला. आधी तोंडातून पोलिओ आणि रोटाचे (जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसविरुद्धचे) थेंब, मग सुया. पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, 0.5 मिली. घरी आल्यावर कुठली मांडी सुजली यावरून कोणत्या लसीची सूज ते कळतं. मे महिन्याच्या उन्हात लस चांगली राहिली का, ही शंका मलाही होती. सिस्टरनं कुपीवरची खूण दाखवली: गोलातला चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस वापरायची, दोघांचा रंग सारखा झाला की फेकायची. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

ताप एक-दोन दिवस येऊ शकतो. पॅरासिटामॉल ताप आल्यावरच द्या, वजनानुसार सिस्टर सांगेल तेवढं. ताप यायच्या आधीच देऊ नका. सुईच्या जागी चोळू नका, शेक देऊ नका. साधी सर्दी असेल तरी डोस पुढे ढकलू नका.

सगळ्यांत जास्त चुकतो तो बूस्टर. नवव्या महिन्याला सगळे 'गोवरची लस' म्हणून येतात, दंडात सुई झाली की निघतात. त्या दिवशी गोवर-रुबेला, पीसीव्ही बूस्टर, पोलिओची तिसरी सुई आणि 'अ' जीवनसत्त्वाचा डोस, या चारही नोंदी कार्डावर झाल्या का, ते केंद्र सोडण्याआधी पाहा. उशीर झालाच तर दोन डोसांत किमान 8 आठवडे लागतात, आणि सरकारी केंद्रात पहिला डोस वर्षाच्या आतच सुरू व्हायला हवा. माहेरी किंवा गावी जाणार असाल तर कार्ड सोबत ठेवा. नोंद यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लस-नोंदणीवर, असली की दुसऱ्या केंद्रालाही ती दिसते.

लस घेतली तरी न्यूमोनिया दुसऱ्या जंतूंनी, विषाणूंनी होऊ शकतो. म्हणून खोकला-ताप असेल तेव्हा बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त असतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच मेयो किंवा मेडिकल, ही नागपुरातली मोठी सरकारी रुग्णालयं, गाठा.